नीळकंठशास्त्री गोरे यांचा ईश्वरी पूर्वज्ञानाविषयींचा आक्षेप

जॉन म्यूर यांच्या ‘मतपरीक्षा’ (१८३९) या संस्कृत ग्रंथाचें खंडन काशीचे चित्पावन पंडित नीळकंठशास्त्री गोरे यांनीं ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ (१८४४-४५) या ग्रंथांत केलें. त्यांतील मर्मभेदी आक्षेप असा: ईश्वर सर्वज्ञ, तर कोणता जीव नरकास जाणार हें त्यास आधींच ठाऊक, मग तो निर्मिलाच कां? कर्म अनादि मानिल्यास हा दोष ईश्वराकडे येत नाहीं. जिनेव्हाच्या कॅल्विननें हें कोडें ईश्वरेच्छेवर सोपविलें होतें. कर्मवाद्यास तें उत्तर कसें पटावें? नवल हें कीं, हेच शास्त्रीबोवा १४ मार्च १८४८ रोजीं जौनपुरास ख्रिस्ती झाले. त्यानंतर हा ग्रंथ त्यांसच नकोसा झाला असावा. तो पोथीरूपानेंच राहिला. सदाशिव कात्रे यांनीं संपादून १९५१ सालीं उज्जयिनीस प्रसिद्ध केला.