वेरूळ, तंजावर आणि ल्यूथरचे गोत्र

वेरूळच्या भोसल्यांच्या घरातून एक वाट थेट मार्टिन ल्यूथरच्या विटेनबर्गला जाते, असे म्हटले की छत्रपती संभाजीनगरातले इतिहासाचे प्राध्यापक हसतात. हसू द्यावे. मालोजींचे शहाजी, शहाजींचे व्यंकोजी, व्यंकोजींनी तंजावर घेतले, इथवर सगळ्यांना पाठ असते. पण त्याच घराण्यातल्या दुसऱ्या सरफोजीराजांना (१७७७–१८३२) एका ल्यूथरन पाळकाने सांभाळले, हे मराठवाड्यात फारसे कुणी सांगत नाही.

त्या पाळकाचे नाव ख्रिस्तियान फ्रीडरिश श्वार्ट्झ. डॅनिश वसाहत असलेल्या तरंगमबाडीला जर्मन मिशनरी त्सीगेनबाल्ग १७०६ साली उतरला आणि तिथे ल्यूथरन मिशन सुरू झाले. श्वार्ट्झ तिथे आला १७५० मध्ये. तंजावरचे तुळजाजीराजे १७८७ साली वारले, त्याआधी त्यांनी आपला दत्तक मुलगा सरफोजी श्वार्ट्झच्या हवाली केला. गादी तुळजाजींच्या भावाकडे, अमरसिंगाकडे, गेली, मुलाच्या जिवाला धोका वाटू लागला, तेव्हा श्वार्ट्झने त्याला मद्रासला हलवले. सरफोजी १७९८ साली गादीवर बसले, पण श्वार्ट्झ त्याच वर्षी फेब्रुवारीत गेला होता. राजांनी लंडनच्या जॉन फ्लॅक्समनकडून त्याचे संगमरवरी शिल्प करवून तंजावरच्या चर्चमध्ये लावले आणि थडग्यासाठी स्वतः इंग्रजीत कविता रचली. आणि तरीही राजे अखेरपर्यंत हिंदूच राहिले. श्वार्ट्झच्या शिकवणीचे फळ दिसले ते सरस्वती महाल ग्रंथालयात आणि देवनागरी छापखान्यात. इसापाच्या गोष्टींचे ‘बालबोध मुक्तावली’ हे मराठी पुस्तक तिथलेच.

आता माझा आवडता मुद्दा. हा ल्यूथरन पाळक पोसला कुणी? लंडनच्या एका अँग्लिकन संस्थेने. पैसा इंग्रजांचा, पाळक जर्मन, उपासना ल्यूथरन. ही सोय पुढेही चालली. चर्च मिशनरी सोसायटी, म्हणजे सी. एम. एस., १७९९ साली निघाली खरी, पण परदेशी जायला इंग्रज पाळक मिळेनात. १८०४ मध्ये सिएरा लिओनला गेलेली तिची पहिली जोडी बर्लिनहून शिकून आलेल्या जर्मनांची होती; १८१४ मध्ये भारतात आलेले ऱ्हेनियस आणि श्नारेही जर्मनच. मुंबईत १८४४ पासून सी. एम. एस.चे काम करणारा चार्ल्स विल्यम आयझेनबर्ग बार्मेनचा, बाझेलला शिकलेला. (त्याच्या मुलाच्या विधवेने पुढे योहानेस हेसेशी लग्न केले, ‘सिद्धार्थ’ लिहिणारा हर्मान हेसे हा त्या लग्नातला मुलगा.) याच सोसायटीने नाशिकजवळ शरणपूर वसवले, आणि तिचेच पारशी ख्रिस्ती पाळक रत्नजी नवरोजी यांनी औरंगाबादेत (म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात) कित्येक दशके मंडळी उभी केली. म्हणजे आपल्या शहरातल्या जुन्या मंडळीच्या कागदावर इंग्लंडचे शिक्के असले, तरी तिच्या आजोळी जर्मन बोलले जात होते.

पण साध्या मंडळीला ल्यूथरन असणे म्हणजे नेमके काय वाटते? याचे उत्तर ऑग्सबर्गच्या १५३० च्या विश्वासकबुलीत शोधू नये. ते तंजावरच्या भांडणात सापडते. श्वार्ट्झचा शिष्य वेदनायगम शास्त्री (१७७४–१८६४) तमिळमध्ये ख्रिस्ती पदे रची आणि कथाकालक्षेप, म्हणजे कीर्तनासारखे कथाकथन, करी. १८२० च्या दशकात नव्या मिशनऱ्यांनी तंजावरची घडी बदलायला घेतली, तेव्हा त्याने कडाडून विरोध केला. त्याच्या तक्रारी होत्या चार: फॅब्रिशियसचे जुने तमिळ बायबल बदलू नका, सणाला फुले लावू द्या, वाद्यांसह आमची पदे गाऊ द्या, आणि जातवार बसण्याची रीत मोडू नका. बायबल बदलायला बसलेला माणूस कोण? ऱ्हेनियस. तोही ल्यूथरन घडणीचाच, आणि त्याच सी. एम. एस.चा!

चौथ्या तक्रारीवर पांघरूण घालता येत नाही. प्रभुभोजनालाही जात पाळण्याची मुभा, हा तिथल्या ‘ल्यूथरन’पणाचा एक अर्थ होता. पुढे तिथे आलेले लाइपझिग मिशनही जातीच्या बाबतीत मवाळच राहिले. मराठवाड्यातल्या मंडळ्या मुख्यतः महार-मांग कुटुंबांतून उभ्या राहिल्या. तंजावरी थाट जसाच्या तसा इकडे आला असता, तर या लोकांच्या वाट्याला मागची जागा आली असती. तो आला नाही, हे उत्तम झाले. बाकीच्या तीन गोष्टी मात्र, आपली भाषा, आपला सण आणि आपले गाणे, या मला अस्सल ल्यूथरन वाटतात.

इथे अहमदनगरचे मित्र मला अडवतात. मराठी ख्रिस्ती कीर्तन कृष्णराव सांगळ्यांचे, पदे नारायण वामन टिळकांची, आणि दोघेही अमेरिकन मराठी मिशनचे. त्यात ल्यूथर कुठे आला? आक्षेप वजनदार आहे. चाली, अभंग, टाळ-मृदंग इथल्या मातीतलेच. ते मी कुणा जर्मनाला देणार नाही. माझा दावा एवढाच की, अँग्लिकन मंडळीच्या हाती आलेल्या प्रार्थनेच्या पुस्तकातही ल्यूथर आधीच बसला होता. त्या पुस्तकाचा मुख्य कर्ता टॉमस क्रॅनमर १५३२ साली न्यूरेंबर्गला गेला आणि तिथल्या ल्यूथरन धर्मोपदेशक ओझियांडरच्या नात्यातल्या मुलीशी लग्न करून परतला. १५४४ मध्ये त्याने इंग्रजीत जी लिटनी रचली, तिच्यात ल्यूथरच्या १५२९ च्या लिटनीतले बरेच घेतले आहे. पाळकाने एकेक मागणे मांडायचे आणि मंडळीने एकसुरात साथ द्यायची, ही लिटनीची पद्धत ल्यूथरहून कितीतरी जुनी. त्याने संतांची नावे वगळली आणि ती लोकांच्या बोलीत आणली. क्रॅनमरपासून सी. एम. एस.च्या मराठी पुस्तकापर्यंतची वाट सरळ आहे.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा पंथ मिळून उत्तर भारतीय मंडळी, म्हणजे सी. एन. आय., झाली. तिच्यात अँग्लिकन आले, नगरचे अमेरिकन मिशनवाले आले, बाप्तिस्ट आले. ल्यूथरन आले नाहीत. १९७५ पासून त्यांची वेगळी संयुक्त मंडळी आहे. त्यामुळे सी. एन. आय.च्या पाटीवर ल्यूथरचे नाव असण्याचा प्रश्नच नाही. पण छावणीत, जालन्यात किंवा आसपासच्या गावांत कुणाच्या ट्रंकेत आजोबांचे प्रार्थनेचे पुस्तक किंवा हाताने उतरवलेली गाण्यांची वही असेल, तर ती रद्दीत घालू नका. लिटनीची पाने उघडा, कडेला पेन्सिलीने कुणी चाल लिहिली आहे का ते बघा, आणि फोटो काढून ठेवा.