कॅमेऱ्याने पाहावे तरी कुठे?

फिल्मच्या कॅमेऱ्यांचे दिवस होते. आमच्या शाळेतील शिपाईकाका निवृत्त झाले, तेव्हा निरोपसमारंभात काका आणि काकू शेजारी शेजारी उभे राहिले. आम्ही हौसेने घेतलेल्या, आपोआप फोकस करणाऱ्या कॅमेऱ्याने त्यांचा फोटो काढला. आठ दिवसांनी रोल धुऊन आला. दोघांच्या मधल्या फटीतून मागच्या फळ्यावरचा सुविचार अगदी स्वच्छ वाचता येत होता. काका-काकूंचे चेहरे मात्र पुसट! त्या दिवसाचा दुसरा फोटो कोणाकडेच नव्हता.

कॅमेरा बिघडला असेल म्हणून तो दुरुस्तीला नेला, तर ठणठणीत निघाला. चौकटीच्या मध्यभागी जे होते त्याचे अंतर त्याने बिनचूक मोजले होते. मध्यभागी फळा होता, त्याला तो काय करणार? म्हणजे चूक मोजण्यात नव्हती, निवडण्यात होती. स्वयंचलित फोकसचा सारा इतिहास या दोन प्रश्नांभोवती फिरतो: वस्तू किती अंतरावर आहे? आणि मुळात कोणती वस्तू?

अंतर मोजण्याच्या तीन रीती

पहिला प्रश्न आधी सुटला. १९७७ मध्ये जपानच्या कोनिका कंपनीने सी३५ एएफ हा कॅमेरा बाजारात आणला. मोठ्या प्रमाणावर तयार झालेला हा पहिला स्वयंचलित फोकसचा कॅमेरा. त्यात अमेरिकेतील हनीवेल कंपनीने विकसित केलेली यंत्रणा होती. कॅमेऱ्याच्या दोन खिडक्यांतून एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा आत येत. एक आरसा स्थिर, दुसरा फिरणारा. आरसा फिरता फिरता दोन्ही प्रतिमा जुळल्या, की त्याच्या कोनावरून अंतर कळे. आपले दोन डोळे अंतराचा अंदाज घेतात, तशीच ही रीत.

१९७८ मध्ये पोलरॉइडने वटवाघळाची युक्ती वापरली. कॅमेऱ्यातून श्राव्यातीत ध्वनी सोडायचा आणि प्रतिध्वनी यायला लागलेला वेळ मोजायचा. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. मग ३.४ मीटरवरील माणसाकडून प्रतिध्वनी किती वेळात येईल? जाऊन-येऊन ६.८ मीटर, म्हणजे एक पन्नासांश सेकंद. मात्र या कॅमेऱ्याने बंद खिडकीच्या काचेतून बाहेरचा फोटो काढू गेले, की ध्वनी काचेवरूनच परते आणि कॅमेरा काचेलाच वस्तू समजे. १९७९ मध्ये कॅननच्या एएफ३५एम या कॅमेऱ्याने अवरक्त किरण सोडून, ते कोणत्या कोनातून परततात यावरून अंतर काढले.

तिन्ही रीती वेगळ्या, पण एक गोष्ट समान होती. तिन्ही कॅमेरे चौकटीच्या मध्याकडेच पाहत.

शायनरची दोन छिद्रे

आज सर्वाधिक उपयोगात असलेल्या रीतीचे मूळ मात्र चारशे वर्षे मागे जाते. सूर्यावरील डागांवरून गॅलिलिओशी वाद घालणारे ख्रिस्टोफ शायनर यांनी १६१९ मध्ये डोळ्यावरील आपल्या ग्रंथात एक साधा प्रयोग दिला. कार्डाला बाहुलीच्या व्यासापेक्षा कमी अंतरावर दोन बारीक छिद्रे पाडायची आणि त्यांतून सुई पाहायची. नजर सुईवर स्थिर असेल तर सुई एकच दिसते. नजर पुढच्या वा मागच्या वस्तूवर असेल तर एका सुईच्या दोन होतात.

हाच प्रयोग वर्गात मोठा करून दाखवता येतो. सुमारे २० सेंमी नाभीय अंतराचे, ५ सेंमी व्यासाचे बहिर्गोल भिंग घ्या. पुठ्ठ्याला एका आडव्या रेषेत, २ सेंमी अंतरावर, पेन्सिल जाईल एवढी दोन भोके पाडा आणि तो भिंगाला चिकटवा. खोली अंधारी करून दोन मीटरवर मेणबत्ती लावा. पलीकडे पांढरा कागद धरून पुढे-मागे करा. एका जागी ज्योतीची एकच प्रतिमा दिसेल. कागद भिंगाकडे सरकवला तर दोन ज्योती दिसतील. लांब नेला तरी दोनच. मग कागद अलीकडे आहे की पलीकडे, हे कसे ओळखायचे? प्रकाश ज्या दिशेने जातो त्या दिशेने तोंड करून उभे राहा आणि उजवे भोक बोटाने झाका. उजवी ज्योत नाहीशी झाली तर कागद अलीकडे आहे. डावी नाहीशी झाली तर किरण एकमेकांना ओलांडून गेले, म्हणजे कागद पलीकडे आहे.

दोन ज्योतींमधले अंतर म्हणजे चूक किती, आणि त्यांचा क्रम म्हणजे चूक कोणत्या बाजूला. एकाच निरीक्षणात दोन्ही उत्तरे मिळतात आणि भिंग थेट योग्य जागी नेता येते. यालाच ‘फेज डिटेक्शन’ म्हणतात. दुसरी एक रीत प्रतिमेतील काळ्या-पांढऱ्याचा भेद कुठे सर्वाधिक होतो ते शोधते. पण रेडिओचा काटा पुढे-मागे करत स्टेशन लावावे, तसे भिंग हलवून पाहावे लागत असल्याने ती संथ पडते.

१९८५ मध्ये मिनोल्टाने ही दोन प्रतिमांची यंत्रणा आणि भिंग फिरवणारी मोटर, दोन्ही कॅमेऱ्याच्या अंगातच बसवून ७००० हे मॉडेल काढले. ते अतिशय यशस्वी ठरले. इतके, की हनीवेलने पेटंटभंगाचा दावा लावला आणि १९९२ मध्ये मिनोल्टाने १२ कोटी ७५ लाख डॉलर देऊन तो मिटवला. अंतराचा प्रश्न आता बहुतांशी सुटला होता. पण फोकसचा बिंदू अजूनही एकच, आणि तोही मध्यावर!

एका बिंदूकडून अनेक बिंदूंकडे

एका बिंदूवर तोड होती. तो बिंदू काकांच्या चेहऱ्यावर आणायचा, बटण अर्धे दाबून धरायचे, कॅमेरा पुन्हा हवा तसा वळवायचा आणि मग बटण पूर्ण दाबायचे. आमच्या कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तिकेत हे लिहिलेले होते. आम्हीच वाचले नव्हते.

पण धावणाऱ्या खेळाडूवर ही युक्ती चालत नाही. म्हणून बिंदू वाढू लागले. १९९० मध्ये कॅननच्या ईओएस १० मध्ये तीन बिंदू आले, १९९२ मध्ये ईओएस ५ मध्ये पाच. या दुसऱ्या कॅमेऱ्याने एक धाडसी प्रयोग केला. छायाचित्रकाराच्या डोळ्यावर सौम्य अवरक्त प्रकाश टाकून त्याची नजर कोणत्या बिंदूवर आहे हे तो ओळखे आणि तिथेच फोकस करी. चष्मेवाल्यांना मात्र तो नेहमी साथ देत नसे. १९९६ च्या निकॉन एफ५ मध्ये आपण निवडलेल्या बिंदूवरून वस्तू सरकली, तर शेजारचा बिंदू काम पुढे चालवी. १९९८ मध्ये ईओएस ३ मध्ये ४५ बिंदू झाले, २००७ मध्ये निकॉन डी३ या डिजिटल कॅमेऱ्यात ५१.

बिंदू वाढले तसा आमच्या फोटोतला प्रश्न उलट अवघड झाला. एकावन्न बिंदूंपैकी कोणाचे ऐकायचे? त्यातूनच आजच्या कॅमेऱ्यांतील पर्याय आले. ‘एकच बिंदू’ या पर्यायात निवड पूर्णपणे आपली. स्थिर वस्तू, फुलाचा पुंकेसर, गजांआडचा पक्षी यांसाठी हा उत्तम. ‘बिंदूंचा गट’ या पर्यायात सुरुवात आपण करून देतो आणि पुढचा पाठलाग कॅमेरा करतो. कबड्डीपटूसाठी हा बरा. ‘सर्व आपोआप’ या पर्यायात कॅमेरा स्वतः ठरवतो. जुन्या कॅमेऱ्यांचा आडाखा साधा होता: जवळची वस्तू महत्त्वाची. बहुधा तो खरा ठरे; पण पक्ष्याच्या पुढे फांदी आली, की फांदीच स्पष्ट होई.

निवड कोणाची?

२००५ च्या सुमारास छोट्या डिजिटल कॅमेऱ्यांना चेहरा ओळखता येऊ लागला. पुढे २०१३ मध्ये कॅननच्या ईओएस ७०डी मध्ये प्रतिमा टिपणाऱ्या पटलावरील प्रत्येक बिंदूचे डावा व उजवा असे दोन भाग केले गेले. एक भाग भिंगाच्या एका बाजूने पाहतो, दुसरा दुसऱ्या बाजूने. शायनरची दोन छिद्रे अशी लाखो ठिकाणी जाऊन बसली! आजचे कॅमेरे माणसाचाच नव्हे, पक्ष्याचाही डोळा शोधून त्यावर फोकस धरतात. आमच्या काका-काकूंचे चेहरे त्यांनी नक्की टिपले असते.

मग आता निवडीची चिंता मिटली का? विज्ञानप्रदर्शनात एखादी मुलगी आपण वाढवलेले रोप हात लांब करून आपल्याला दाखवते. कॅमेरा तिचा डोळा शोधतो. रोप पुसट होते. तिला दाखवायचे होते ते रोप. कॅमेऱ्याला डोळा म्हणजे काय ते शिकवलेले असते, पण त्या दिवशी त्या मुलीसाठी महत्त्वाचे काय होते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

म्हणून एक गृहपाठ सुचवतो. मोबाइलपासून वीतभर अंतरावर एक पान धरा, मागे एक मित्र उभा करा आणि त्याच्याही मागे शाळेची इमारत येऊ द्या. पडद्यावर एकदा पानाला, एकदा मित्राला व एकदा इमारतीला बोट लावून तीन फोटो काढा. मग प्रत्येक फोटोखाली एक वाक्य लिहायला सांगा. कॅमेरा तोच, जागा तीच. वाक्ये मात्र तीन वेगळी येतील.