मेंढीची ग्रंथी आणि रक्तातील कोलेस्टेरॉल

घरातली एखादी बाई सुस्तावली, चेहरा सुजला, की "वय झालं" म्हणून आपण मोकळे होतो. लंडनचे डॉक्टर विल्यम गल यांनी १८७३ साली अशाच स्त्रियांची बारकाईने नोंद केली. गळ्यातली थायरॉईड ग्रंथी मंदावल्याने हे होते, हे पुढे उमगले. १८९१ साली न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या ग्रंथीचा अर्क एका ४६ वर्षांच्या बाईला टोचला. बाई सुधारली आणि पुढे २८ वर्षे जगली. तेवढ्या काळात तिच्या औषधाला ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या! मेंढरे राखणाऱ्यांना हा हिशेब लगेच कळेल.

पण ग्रंथी मंद आहे हे ओळखायचे कसे? रोग्याला उपाशीपोटी निजवून त्याचा श्वास मोजीत. तो जरा बावरला की आकडा चुकायचा. १९३० साली अमेरिकेत मेसन, हंट आणि हर्क्स्थाल यांनी दाखवले, की ग्रंथी मंद तिथे रक्तातले कोलेस्टेरॉल चढलेले, अन् ती अतितेज तिथे उतरलेले. मग डॉक्टर बरीच वर्षे या आकड्याचा आधार घेत. कारण असे, की यकृत रक्तातले कोलेस्टेरॉल उचलून घेते, आणि ते उचलणारे त्याचे 'हात' थायरॉईडच्या रसामुळे वाढतात. रस कमी पडला की हात कमी, आणि माल रक्तातच पडून राहतो. या हातांचा शोध लावणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ साली नोबेल मिळाले.

मग काहींना वाटले, ग्रंथी धड असली तरी हा रस देऊन कोलेस्टेरॉल उतरवू. अमेरिकेत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या पुरुषांना त्याचाच एक प्रकार देऊन पाहिला. कोलेस्टेरॉल उतरले खरे, पण मृत्यू जास्त दिसू लागले. १९७१ साली ते औषध थांबवावे लागले.

दरम्यान टीएसएच ही रक्ततपासणी आली, आणि लक्षणांआधीची सौम्य मंदीही दिसू लागली. अशा मंदीत कोलेस्टेरॉल थोडेच वाढते, कधी वाढतही नाही. तरी ते वाढल्याचा कागद हाती आला, तर थायरॉईड तपासायचे का, हे डॉक्टरांना जरूर विचारावे. शेजारणीची गोळी मात्र घेऊ नये. टीएसएच दहाच्या वर गेले तर डॉक्टर बहुधा गोळी सुरू करतात. त्याखाली, विशेषतः म्हातारपणी, घाई करीत नाहीत. युरोपात ६५ वर्षांवरील सौम्य मंदीच्या रोग्यांवर झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, गोळीने त्यांच्या थकव्यात काही फरक पडला नव्हता.