मेंदू : घटना व ऊर्जावापर

कवटीत सुरक्षित असलेले मध्यवर्ती चेतासंस्थेचे प्रमुख इंद्रिय. प्रौढ माणसाच्या मेंदूचे वजन सु. १.३ ते १.४ किग्रॅ. असते. त्यात तीन चतुर्थांशाहून अधिक पाणी असते. उरलेल्या घन भागात निम्म्याहून जास्त मेद असतो. मेंदू अतिशय मऊ असतो. मात्र तो मस्तिष्क-मेरुद्रवात तरंगत असल्याने त्याचा परिणामी भार सु. ५० ग्रॅ. एवढाच राहतो. मेंदूच्या ऊतकात वेदनाग्राही नसतात. त्यामुळे काही शस्त्रक्रिया रुग्ण जागा असताना करता येतात.

ब्राझीलमधील संशोधकांच्या २००९ मधील मोजणीनुसार मेंदूत सु. ८६ अब्ज चेतापेशी असतात. वजनाने जेमतेम एक दशांश असलेल्या लहान मेंदूत (अनुमस्तिष्कात) त्यांपैकी सु. ८०% पेशी असतात.

शरीराच्या वजनाच्या सु. २% असलेला मेंदू विश्रांतीच्या अवस्थेत शरीराची सु. २०% ऊर्जा वापरतो. हा वापर सु. २० वॉट भरतो. त्यातील मोठा वाटा सोडियम व पोटॅशियम आयनांचे पेशीपटलालगतचे असंतुलन टिकवण्यात खर्च होतो. ग्लुकोज हे मुख्य इंधन असून दीर्घ उपवासात कीटोन पदार्थही वापरले जातात. मेंदूत इंधनाचा साठा नगण्य असल्याने रक्तपुरवठा थांबताच सु. १० सेकंदांत शुद्ध हरपते आणि काही मिनिटांत पेशी मरू लागतात.

बौद्धिक श्रमाने एकूण वापर फारसा वाढत नाही. लुई सोकोलॉफ व सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये केलेल्या प्रयोगात मनातल्या मनात गणिते सोडवतानाही मेंदूचा एकूण ऑक्सिजन-वापर जवळजवळ स्थिर राहिला.