सातबाराची कुळकथा

बोरिवली तालुक्यातल्या गोराई गावात खाडीपलीकडच्या जमिनीचा विषय निघाला, की पहिला प्रश्न एकच : सातबारा काय म्हणतो? आज हा कागद १५ रुपये भरून मोबाइलवर उतरवता येतो. डेटाबेसमधून निघणारा हा महाराष्ट्रातला सर्वांत ओळखीचा अहवाल, पण त्याचा जन्म संगणकाच्या कितीतरी आधीचा.

मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ साली झाला. पुढे गावचं दप्तर क्रमांकांच्या नमुन्यांत बसलं. तलाठ्यांच्या तोंडी अजून असलेलं 'अँडरसन मॅन्युअल' हे त्याच मांडणीचं पुस्तक. नमुना सहा म्हणजे फेरफार, सात म्हणजे हक्क आणि कब्जेदार, आठ-अ म्हणजे खातेउतारा, बारा म्हणजे पिकं. प्रत्येक माहिती आपापल्या वहीत, आणि वह्यांना जोडणारा धागा सर्व्हे किंवा गट क्रमांक. त्या क्रमांकावर सात आणि बारा एकत्र उतरवले की सातबारा तयार. वेगवेगळ्या तक्त्यांतली माहिती समान क्रमांकाने जोडून एका पानावर आणायची, हीच अहवाल-सॉफ्टवेअरची मूळ कल्पना. चावडीत हे काम तलाठी बोरूने करत होता.

यंत्रांच्या जगात हा वंश १९५९च्या सुमारास सुरू झाला. आयबीएमच्या 'आरपीजी'त अहवालाचा आराखडा दिला की त्यावरून प्रोग्रॅम तयार होई. १९७० साली एडगर कॉड यांनी माहिती तक्त्यांत मांडण्याचा सिद्धांत दिला. त्यातूनच एसक्यूएल भाषा आली. नव्वदच्या दशकात 'क्रिस्टल रिपोर्ट्स'सारख्या सॉफ्टवेअरमुळे रकाने माउसने ओढून अहवाल रचता येऊ लागला.

महाराष्ट्रात हस्तलिखित सातबारे संगणकात भरले जाऊ लागले, तेव्हा खरी अडचण कळली. वहीतली चूक वहीपुरती राहत असे. डेटाबेसमध्ये तिची बेरीज लागते. खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज एकूण क्षेत्राशी जुळेना. म्हणून ई-फेरफार प्रकल्पात चावडी वाचन झालं, आणि विसंगत सातबारे शोधणारे 'ओडीसी' अहवाल तलाठ्यांच्या पडद्यावर आले. ज्या यंत्रणेतून उतारा निघायचा, तीच आता उताऱ्याच्या चुका दाखवू लागली. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. २०२१ साली ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि नमुना बाराची नोंद शेतकरी स्वतःच मोबाइलवरून करू लागला.

मात्र डिजिटल स्वाक्षरी एवढीच हमी देते, की हातातला कागद आणि सरकारी नोंद एकच आहे. नोंद आणि जमीन एक आहे का, हे ती सांगत नाही. महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे नोंद खरी धरायची, पण उलट पुरावा येईपर्यंतच. तेव्हा गोराईत जमीन घेणाऱ्याने उतारा मोबाइलवर पाहावाच; पण त्यामागचे फेरफार वाचल्याशिवाय आणि शिवारात हद्द पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नये.