अंबड औद्योगिक वसाहत आणि जलशुद्धीकरण यंत्रणेच्या स्वच्छतेचा इतिहास

प्रस्तावना :
नाशिकच्या औद्योगिक विकासाचा विचार करताना जमीन, वीज, रस्ते व भांडवल यांचा ऊहापोह केला जातो. पाण्याची चर्चा मात्र बहुधा पुरवठ्यापाशीच थांबते. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेत साचणारी घाण कशी काढली जाते आणि ती कोठे जाते, हा प्रश्न त्यामुळे मागे पडतो. प्रस्तुत लेखात अंबड औद्योगिक वसाहतीच्या संदर्भात या प्रश्नाचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे.

पूर्वपीठिका :
पावसाळ्यातील गढूळ पाण्यात तुरटी फिरविणे अथवा मडक्याच्या आतील बाजूस निवळीचे बी उगाळणे ही महाराष्ट्रातील जुनी घरगुती रीत होय. तळाशी बसलेला गाळ अंगणात ओतला की काम संपे. इ. स. १८२९ मध्ये जेम्स सिम्प्सन यांनी लंडनमधील चेल्सी येथे थेम्सच्या पाण्यासाठी वाळूची मंदगती गाळणी उभारली. अशा गाळणीवरील साचलेला थर मजुरांना फावड्याने खरवडून काढावा लागे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत जलदगती गाळणी प्रचारात आली. तिच्यात तुरटीने गाळ एकत्र आणला जातो आणि वाळूचा थर तुंबला की खालून वर पाणी सोडून तो धुतला जातो. यालाच बॅकवॉश म्हणतात. श्रम वाचले, परंतु धुलाईचे गढूळ पाणी हा नवा प्रश्न निर्माण झाला.

अंबडमधील स्वरूप :
महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाली. नाशिक येथे सातपूरपाठोपाठ अंबड वसाहत विकसित झाली. अभियांत्रिकी, विद्युत साहित्य व वाहनांचे सुटे भाग ही तिची ओळख ठरली. या उद्योगांना केवळ निवळलेले पाणी पुरत नाही. बाष्पकात क्षारांचा थर जमू नये म्हणून पाणी मृदू करावे लागते. त्यासाठी वापरलेली राळ निष्प्रभ झाली की ती मिठाच्या द्रावणाने पुन्हा कार्यक्षम केली जाते आणि खारट सांडपाणी उरते. आर. ओ. यंत्रणेतही शुद्ध पाण्याबरोबर क्षारयुक्त पाण्याचा वेगळा प्रवाह बाहेर पडतो. तिचे पटल तुंबल्यास क्षारांच्या थरासाठी आम्ल, तर जैविक थरासाठी अल्कली वापरून धुतात. पाणी निर्जंतुक करणारा क्लोरिन आर. ओ.च्या प्रचलित पटलांना घातक असल्याने तो आधी काढून टाकावा लागतो.

धातूंवर मुलामा देणाऱ्या लघुउद्योगांत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. तेथील सांडपाण्यातील षट्संयुजी क्रोमियम आम्लयुक्त स्थितीत त्रिसंयुजी केले जाते व नंतर चुना घालून गाळाच्या रूपात वेगळे काढले जाते. पाणी निवळते, मात्र धातू गाळात शिल्लक राहतो. हा गाळ उघड्यावर पडल्यास त्यातील धातू पावसाबरोबर नाल्यात, पुढे नासर्डी अर्थात नंदिनी नदीत आणि तेथून गोदावरीत पोहोचण्याचा धोका संभवतो.

कायद्याची चौकट :
महाराष्ट्राने १९६९ मध्ये जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा केला आणि १९७० मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले. केंद्राचा १९७४ चा जलप्रदूषण कायदा राज्यात १९८१ पासून लागू झाला. नदीनाल्यांत सोडल्या जाणाऱ्या सांडपाण्यात षट्संयुजी क्रोमियमची मर्यादा लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम ठरविण्यात आली. गाळाला स्वतंत्र कायदेशीर चौकट मात्र १९८९ च्या घातक कचरा नियमांनी लाभली. म्हणजे कायद्याचे लक्ष प्रथम पाण्याकडे आणि बऱ्याच काळाने गाळाकडे गेले.

यंत्रणा साफ करणाऱ्या कामगाराचा विचारही येथे आवश्यक ठरतो. विषारी वायूचा संभव असलेल्या टाकीत पुरेशी खबरदारी घेतल्याशिवाय कोणास उतरविण्यास १९४८ च्या कारखाने अधिनियमाचे कलम ३६ मनाई करत असे. तथापि साफसफाईचे काम कंत्राटी मजुराकडे सोपविले जाते तेथे अशा तरतुदीची अंमलबजावणी कठीण होते.

निष्कर्ष :
शुद्धीकरणाने घाण नाहीशी होत नाही. बहुतांशी ती एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाते. अंगणात ओतलेला गाळ आणि कारखान्याच्या टाकीतील क्रोमियमचा गाळ यांत हाच धागा आहे. फरक इतकाच की पहिला मातीत मिसळून जाई आणि दुसरा पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. म्हणून अंबडच्या औद्योगिक इतिहासाची मांडणी करताना किती पाणी आले याबरोबरच गाळ कोठे गेला आणि तो कोणाच्या हातांनी उपसला गेला, याचीही नोंद घेणे अगत्याचे आहे.