आयसीयूमधील फिजिओथेरपी : नातेवाइकांनी काय पाहावे?

संग्रामपूरहून अकोल्याला हलवलेला तुमचा रुग्ण व्हेंटिलेटरवर असताना फिजिओथेरपिस्ट त्याचे हातपाय हलवू लागले, की भीती वाटणे साहजिक आहे. पण सतत पडून राहिल्याने स्नायू झपाट्याने अशक्त होतात, छातीत कफ साचतो. म्हणून प्रकृती स्थिरावताच हे उपचार सुरू करतात.

हे काम कुणी करावे? फिजिओथेरपीची पदवी आणि महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे नोंदणी हवीच. पण आयसीयूसाठी तेवढे पुरेसे नाही. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये २०१६ साली अशा फिजिओथेरपिस्टसाठी किमान कौशल्यांचे निकष प्रसिद्ध झाले. तुम्हाला दिसू शकतील अशा गोष्टी या :

• व्यायामाआधी डॉक्टर-नर्सशी बोलणे
• रक्तदाब, नाडी, ऑक्सिजन तपासणे
• नळ्या सांभाळणे
• त्रास दिसताच थांबणे

‘आज काय करणार? कधी थांबवाल? घरी कोणते व्यायाम करायचे?’ हे जरूर विचारा.

स्वतः मात्र रुग्णाला उठवू नका, सुजलेला पाय चोळू नका. आत रक्ताची गुठळी असल्यास ती सुटून फुफ्फुसात अडकू शकते आणि जिवावर बेतू शकते.